डबीची मागची बाजू

माझ्या वहिनीचा दिवस पहाटे पावणेचारला सुरू व्हायचा. गजर लावलेला मी कधी ऐकला नाही. सव्वाचारला ती चर्चचं बाजूचं दार उघडायची आणि साडेसहाच्या मिस्साच्या प्रार्थनेआधी सगळं आवरलेलं असायचं. चौसष्ट बाकं, मधली वाट, वेदीच्या तीन पायऱ्या, दोन्ही बाजूंच्या भिंतींखालची फरशी. सव्वादोन तासांत हे काम एकट्याने करून बघावं. मी गवंडी होतो, कामाचा अंदाज मला आहे. दोन माणसांचं काम होतं ते.

ती लग्न होऊन आली तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. तिच्या पदराला धरून हिंडायचो, म्हणून मी तिला कायम अगंतुगं केलं. ती मात्र पहिल्या दिवसापासून मला ‘भाऊजी’ आणि अहोजाहो. दहा वर्षांच्या पोराला अहोजाहो. दादा हसायचा. म्हणायचा, “अगं, त्याचं नाक पुस आधी, मग अहो म्हण.”

दादाही गवंडी. मला थापी धरायला त्यानेच शिकवलं. चर्चच्या मनोऱ्याचं काम चालू असताना तो परांचीवरून पडला आणि पाठीचा कणा गेला. मी तेव्हा सव्वीसचा होतो आणि खाली माल कालवत होतो. चर्चच्या लोकांनी दवाखान्याचं बघितलं, आणि वहिनीला झाडलोटीचं काम दिलं. पाठीच्या बदल्यात झाडू. कोणी वाईट हेतूने केलं नाही. पण झालं ते असं.

दादा नऊ वर्षं पडून होता. मूलबाळ नव्हतं. ती पहाटे त्याला कुशीवर वळवून जायची आणि आठला परत येऊन पुन्हा वळवायची.

त्या चर्चच्या डाव्या भिंतीत छातीच्या उंचीवर एक कोनाडा होता. कोनाड्याला लोखंडी जाळी, आणि जाळीच्या आत पितळेची गोल डबी. डबीला पुढून काच. काचेमागे लाल कापडावर एका संताच्या बोटाचं हाड, दोन तांदळांएवढं. लोक जाळीतून दोन बोटं आत घालून काचेला लावायचे आणि तीच बोटं मग कपाळाला, लेकराच्या छातीला, आंधळ्या आईच्या डोळ्यांना लावायचे. कोनाड्याखालच्या दगडी फळीवर लाल मेणबत्त्या लावायचे. कोनाड्याच्या वर सबंध भिंतीभर चित्र होतं. येशूच्या मागे ओळीने चाललेले संत, अनवाणी, प्रत्येकाच्या हातात काहीतरी. कोणाच्या हातात किल्ली, कोणाच्या करवत. वहिनीला एक अक्षर वाचता येत नव्हतं, पण कोणाच्या हातात काय आणि का, हे ती सांगू शकायची. भिंतीचा खालचा भाग रोज झटकायचा तर माणसं ओळखीची होणारच.

एवढ्या मेणबत्त्या म्हणजे मेण आलंच. मेण काढण्यात तिचा हात धरणारा कोणी नव्हता. दगडावरचं मेण गार होऊ द्यायचं आणि लाकडी पट्टीने एका झटक्यात उडवायचं. कापडावरच्या मेणावर रद्दी कागद ठेवून कोमट इस्त्री फिरवायची. पितळेवर गरम पाण्याचं फडकं दाबून शंभरपर्यंत मोजायचं. चाकू कधीच नाही. “चाकू लावणारा मेण काढत नाही, वस्तू काढतो,” म्हणायची. तिने पुसलेल्या फळीवर मी बोट फिरवून पाहिलं आहे. काही लागायचं नाही.

डबीच्या काचेसाठी तिचं एक वेगळं फडकं होतं. पांढरं, सुती, दुसऱ्या कशालाही न लागलेलं. दोन बोटांवर ते गुंडाळून जाळीतून आत घालायची, काच पुसायची, आणि घडी करून झंपरात ठेवायची. घरी आली की त्याच फडक्याने दादाची पाठ पुसायची. मानेपासून खाली, जिथपर्यंत त्याला कळायचं तिथपर्यंत, आणि मग जिथे कळत नव्हतं तिथेही.

दादा म्हणायचा, “संताचं बोट लागतंय खरं रोज. पण करंगळी असणार. जोर नाही त्यात.”

ती म्हणायची, “गप पडा. पडून बोलायला काय जातंय तुम्हाला?”

नवव्या वर्षी दादा गेला. त्याच्या कबरीवर लाकडी क्रूस लावला. दगडाचा नंतर लावू म्हणालो. दफनानंतरच्या सकाळी वहिनी पावणेचारला उठली आणि कामाला गेली. मला राग आला होता. मी विचारलं, “बरं तर झालं नाही त्याला. मग अजून ती काच कशाला पुसतेस?”

“पुसायचं काम माझं आहे, भाऊजी,” ती म्हणाली. “बरं करायचं माझं नव्हतं.”

पुढे तेवीस वर्षं ती तशीच पुसत राहिली. पगारातून थोडं थोडं बाजूला ठेवायची, दादाच्या दगडी क्रूसासाठी. मध्ये कधी तिचा गुडघा, कधी घराचं छप्पर, असं करत दगड मागे पडत गेला. लाकडी क्रूसाला दोनदा वाळवी लागली आणि दोनदा नवा लावला.

मग नवे फादर आले. पस्तिशीचे असतील. वाईट माणूस नव्हता, हे आधी सांगतो. आजाऱ्याकडे स्वतः सायकलवर जायचे. पण पहिल्याच महिन्यात मिस्साच्या वेळी त्यांनी बघितलं की लोक वेदीकडे पाठ करून कोनाड्यापुढे रांग लावून उभे आहेत. त्यांनी सगळ्यांना मागच्या हॉलमध्ये बोलावलं. वहिनी दाराशी बादली घेऊन उभी होती, कारण बैठक संपल्यावर हॉल तिलाच पुसायचा होता. मी तिला घ्यायला आलो होतो, म्हणून मीही होतो.

फादर म्हणाले, “वेदीवर प्रभू आहे आणि तुम्ही हाडाच्या तुकड्याशी नवस बोलता. ‘कोरीव मूर्ती करू नकोस’ अशी आज्ञा आहे. ती मी मुलांना शिकवतो. एका मुलीने मला विचारलं, फादर, मग भिंतीवर हे कोण आहेत? मी काय सांगू तिला? मला भिंती पांढऱ्या हव्यात. नजर एकाच ठिकाणी गेली पाहिजे.”

समोरून मास्तर उठले. शाळेतून निवृत्त झालेले, चर्चच्या कमिटीचे प्रमुख, आवाज अजून वर्गात असल्यासारखा. “तिला सांगा की आम्ही लाकडाला आणि रंगाला नमस्कार करत नाही. ज्याचं चित्र आहे त्याला करतो. तुमच्या आईचा फोटो तुम्ही पायदळी तुडवाल का, फादर? कागदच तर आहे! हुतात्म्यांच्या कबरींवर आपल्या पूर्वजांनी वेद्या बांधल्या. ते काय हाडांचे भक्त होते? आणि चित्र म्हणजे ज्याला वाचता येत नाही त्याचं पुस्तक. या आमच्या बाईच बघा.” त्यांनी दाराकडे हात केला. सगळ्यांनी माना वळवल्या. “एक अक्षर येत नाही यांना. सांगा बाई, चित्र पुसलं तर तुम्हाला प्रभू कसा कळणार?”

वहिनी म्हणाली, “मला विचारताय, का माझ्याबद्दल सांगताय?”

लोक हसले. फादरही हसले.

“विचारतोय हो.”

“मग चित्राच्या खालच्या अंगाला ओल आलीय, ती बघा. करवतवाल्याचे पाय गळायला लागलेत. तुमचं भांडण मिटेपर्यंत थांबायचा नाही तो.”

त्या बैठकीत ठरलं काहीच नाही. शेवटी मास्तरांनीच डाव टाकला. डबीच्या खरेपणाचं जुनं पत्र चर्चच्या कपाटात होतं. त्यांनी बिशपांना अर्ज लिहिला की माणूस पाठवा, तपासणी करा. अवशेष खरा ठरला की फादरांना तो हलवता येणार नाही, आणि डबी राहिली की भिंतही राहील. “पत्र आहे, मोहोर आहे. हातच्या कांकणाला आरसा कशाला?” असं ते चौकात सांगत फिरले. मोहोर कशी दिसते, कुठे असते, हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. डबीची मागची बाजू त्या गावात कोणीच पाहिलेली नव्हती. ज्या म्हाताऱ्या फादरांनी जाळी बसवून घेतली होती ते कधीच वारले होते.

तपासणीच्या आधी ओल काढायची म्हणून कमिटीने मला बोलावलं. भिंतीचा खालचा गिलावा पाडून नवा करायचा, आणि जमलं तर पुढे सगळ्या भिंतींचं काम माझंच, सहा महिन्यांचं. तेव्हा मी अठ्ठावन्नचा होतो. त्या वयाच्या गवंड्याला सहा महिन्यांचं काम कोणी देत नाही.

बिशपांचा माणूस यायच्या आदल्या दिवशी कोनाड्याभोवतीचं काम होतं. चुना भुसभुशीत झाला होता आणि जाळी हातानेच हलत होती. मी ती काढली. मास्तर तिथेच होते. वहिनीला म्हणाले, “बाई, उद्या डबी आरशासारखी दिसली पाहिजे हं. आमची सगळ्यांची मान तुमच्या हातात आहे.” आणि गेले. फादर एका आजाऱ्याकडे गेले होते.

मी शिडीवर चढलो. कोनाड्याच्या वरचा गिलावा खरवडायचा होता. वहिनीने डबी हातात घेतली. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा. आधी पुढून पुसली आणि मग उलटी केली.

“अगं बाई,” ती म्हणाली. “भाऊजी, बघा हो हे. मागे नुसती काजळी. आणि लाल मेणाचे डाग. दोरा चिकटलाय त्यात, सडका. इतकी वर्षं मी पुढूनच पुसत राहिले, आणि मागे ही घाण!”

तिला खरंच लाज वाटली होती. तिच्या कामात कोणी चूक काढलेली नव्हती, आणि आता तिलाच ती सापडली.

“मेण आतपर्यंत गेलं कसं?” तिने विचारलं.

मी वरून म्हणालो, “जाळी नव्हती तेव्हा लोक कोनाड्याच्या आत मेणबत्त्या लावत असतील. त्याचंच.”

ती गरम पाणी घेऊन आली. फडकं दाबून धरलं. शंभर मोजले. पुन्हा शंभर मोजले. मी खरवडत होतो.

“भाऊजी, हे मेण निराळंच आहे. मऊ पडत नाही. पट्टी लावली की कचकन तुटतं.”

“जुनं झालं की तसं होतं,” मी म्हणालो.

“काढू ना?”

“मग काय, उद्या ती घाण दाखवणार आहेस त्यांना? काढ.”

मी खाली पाहिलं नाही. पार्सलवरची लाख मी शंभरदा पाहिली होती. टपाल कचेरीचा गिलावा केला तेव्हा लाख वितळवायची चूल माझ्या डोळ्यांसमोर होती. खाली उतरून डबी हातात घेतली असती, तर लाख आणि मेण यांतला फरक मला कळला असता. शिडीला आठ पायऱ्या होत्या. उतरायच्या आठ, चढायच्या आठ. मी त्या वाचवल्या.

तिने सगळं काढलं. लाखेचे तुकडे आणि दोऱ्याचे धागे कागदात गोळा केले आणि अंगणातल्या कचऱ्याबरोबर जाळले. पितळ चकाकत होतं. झाकण घट्ट बसलेलं होतं, ते तिने उघडलं नाही, उघडायचा तिला विचारही शिवला नाही. हे मी वरून अधूनमधून पाहत होतो, म्हणून सांगू शकतो. तासाभरात डबी परत कोनाड्यात गेली आणि मी तिच्यासमोरच जाळी नव्या मालात बसवली.

दुसऱ्या दिवशी अकराला बिशपांच्या कचेरीतले पाद्री आले. पांढरे केस, सुती हातमोजे, खिशात भिंग. मास्तरांची माणसं एका बाजूला उभी, फादर एका बाजूला, वहिनी खांबाशी. जाळी काढायला मला बोलावलं होतं. माल अजून पुरता वाळला नव्हता, लगेच निघाली.

त्यांनी पत्र वाचलं, डबी घेतली, काचेतून पाहिलं, मान हलवली. मास्तरांनी आमच्याकडे बघून भुवया उडवल्या. मग पाद्र्यांनी डबी उलटी केली. भिंग लावलं. भिंग काढून चष्म्यातून पाहिलं.

“दोरा कुठे आहे?” ते म्हणाले.

कोणाला काही कळेना.

“झाकणावरून लाल रेशमी दोरा जातो. त्याच्या टोकांवर लाखेत बिशपांची मोहोर असते. पत्रात लिहिलंय. मोहोर कुठे आहे?”

वहिनी पुढे आली. पदराने हात पुसत म्हणाली, “लाल होतं ते? ते मेण नव्हतं?”

मास्तर ओरडले, “काय केलंत तुम्ही?”

“काढलं. घाण होती.”

“घाण! अहो, तोच तर पुरावा होता! दीडशे वर्षं टिकला तो, आणि तुमच्या एका बोळ्याने—”

“थांबा,” पाद्री म्हणाले. त्यांनी वहिनीला बाकावर बसायला सांगितलं. ती बसली नाही. “बाई, झाकण उघडलं होतं?”

“नाही.”

“डबी बाहेर किती वेळ होती?”

“तासभर. मग लगेच जाळी बसवली.”

मास्तर म्हणाले, “आतलं हाड तेच आहे ना? मग लावा नवीन मोहोर. तुम्हाला अधिकार आहे.”

“आहे. पण ती लावताना मला लिहावं लागतं की डबी मधल्या काळात उघडलेली नाही. मी कशावरून लिहू?” ते वहिनीकडे वळले. आवाज चढवला नाही. “तुमच्यावर माझा संशय नाही, बाई. पण माझ्या विश्वासावर काम भागत असतं तर मोहोर कशाला लावली असती कोणी? त्या एका तासाचा दुसरा कोणी साक्षीदार आहे का? काढताना कोणी पाहिलं? काढा म्हणून कोणी सांगितलं?”

मी चार हात अंतरावर उभा होतो. माझ्या हातात ती जाळी होती.

वहिनीने माझ्याकडे पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही. ती पाद्र्यांकडे बघत होती. “मला कोण सांगणार?” ती म्हणाली. “मेण दिसलं, काढलं. तेच माझं काम. एकटीच होते. भाऊजी तेवढ्यात चुना आणायला गेले होते.”

तिला वाटलं असेल की साक्षीदार म्हणजे गुन्ह्यातला भागीदार. माझं सहा महिन्यांचं काम जाईल. त्या साक्षीने डबी वाचली असती हे तिला त्या क्षणी कळलं नसावं. मला कळलं होतं. पाद्री जे म्हणाले ते मी नीट ऐकलं होतं. एक वाक्य पुरे होतं: मी होतो, झाकण उघडलं नाही. पण त्याच्या मागून दुसरं वाक्य आलं असतं: काढ असं मीच म्हणालो. मी तोंडात मिठाची गुळणी धरली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे चोर जाळी धरून उभा होता.

पाद्र्यांनी कागदावर दोन ओळी लिहिल्या. अवशेष अप्रमाणित. वेदीपाशी किंवा लोकांसमोर ठेवू नये. डबी एका पाकिटात घालून फादरांच्या कचेरीतल्या लोखंडी कपाटात ठेवली.

मास्तरांच्या लोकांचा धीर सुटला. जे डबीच्या बाजूने सर्वांत मोठ्याने भांडत होते, तेच दोन आठवड्यांत म्हणू लागले की ते हाड कधी खरं नव्हतंच, कोंबडीचं असेल. बाकीचे वहिनीला बोलत. एका बाईने तिच्या तोंडावर सांगितलं, “माझ्या नातवाला अजून ताप येतो. तुझ्या हाताने गेलं ते.” मास्तरांनी तिच्याशी बोलणं टाकलं. ती बाक पुसत आली की ते उठून दुसऱ्या बाकावर बसायचे. ती तेही बाक पुसायची, त्यांच्या मागून.

फादर जिंकले, पण त्यांना त्यात गोडी वाटली असं दिसलं नाही. एकदा ते तिला म्हणाले, “मावशी, मनाला लावून घेऊ नका. देव काही डबीत नव्हता.”

“माहीत आहे, फादर,” ती म्हणाली. “मी कुठे देव पुसत होते? मी डबी पुसत होते.”



भिंती पांढऱ्या करायचं ठरलं. काम मलाच मिळालं. कमिटीने कबूल केलं होतं तेच सहा महिने, फक्त ओल काढायच्या ऐवजी चित्रावर चुना. पहिल्या हातात संत धुक्यात गेल्यासारखे दिसत होते. दुसऱ्या हातात फक्त डोळे आणि करवतीचे दाते. तिसऱ्या हाताला काही राहिलं नाही. चुना अंगावर घेत नव्हती भिंत, काजळी आणि तेल होतं तिच्यात, म्हणून मी चौथा हातही मारला. काम चोख झालं. खाली वहिनी रोज माझ्या चुन्याचे थेंब पुसत होती. त्या सहा महिन्यांत आम्ही त्या दिवसाबद्दल एक शब्द बोललो नाही. “भाऊजी, चहा घेता?” “घेतो.” एवढंच.

कोनाडा रिकामा राहिला. काही दिवस एकदोन म्हाताऱ्या तिथे मेणबत्ती लावायच्या. मग त्याही थांबल्या. लोक त्यात विसरलेल्या छत्र्या आणि रुमाल ठेवायला लागले.

वर्षभराने, थंडीत, वहिनी माझ्याकडे आली. ती सहसा यायची नाही. उंबऱ्यातच उभी राहून म्हणाली, “भाऊजी, कोनाडा बुजवून द्या.”

“फादर काय म्हणाले?”

“म्हणाले बुजवा, पण पैसे नाहीत, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षापर्यंत मला नाही जमायचं.”

“काय जमायचं नाही?”

“सकाळी तिथे गेले की हात आपोआप आत जातो. फडकं गुंडाळून दोन बोटं. आत काही नसतं. हात तिथे जाईपर्यंत मला आठवतच नाही. मग आठवतं. रोज.”

मी विटा आणल्या. बावीस लागल्या. ती पहाटेचं काम उरकून थांबली होती. विटा कोरड्या लावल्या तर मालातलं पाणी पिऊन टाकतात आणि सांधा धरत नाही. हे दादाने आम्हा दोघांना शिकवलेलं. तिने बादली भरून ठेवली होती आणि एकेक वीट बुडबुडे थांबेपर्यंत धरून मला देत होती.

सगळ्यात खालची ओळ लावण्याआधी मी विचारलं, “आत काही ठेवायचंय का?”

“काय ठेवणार? आहे काय माझ्याकडे?” तिने झंपरातून पांढरं फडकं काढलं. मला वाटलं ठेवतेय. तिने हात लांब करून कोनाडा आतून पुसला, चारी कोपरे, आणि फडक्याची घडी करून परत झंपरात घातली. “हं, लावा.”

तिसऱ्या ओळीला मला राहवलं नाही. मी म्हणालो, “वहिनी, त्या दिवशी ते पाद्री विचारत होते तेव्हा मी—”

“वीट घ्या,” ती म्हणाली. “फार भिजली.”

मी वीट घेतली.

संध्याकाळपर्यंत गिलावा करून भिंत सारखी केली आणि वर चुना दिला. ओला होता तेवढं वेगळं दिसत होतं, वाळल्यावर कोनाडा कुठे होता हे मलाही शोधावं लागलं असतं. तिने फरशीवरचे मालाचे थेंब लाकडी पट्टीने उडवले आणि दोनदा पुसलं. मग कमरेची पिशवी काढली.

“किती झाले, भाऊजी?”

“अगं, वेडी आहेस का?”

“विटा, सिमेंट, चुना, तुमचा दिवस. किती झाले सांगा. फुकटचं काम कच्चं असतं, असं तुमचे दादा म्हणायचे.”

मी ती पिशवी ओळखली. दगडी क्रूसाची होती ती. त्यात आता फारसं नव्हतंच. तिचा गुडघा, छप्पर, वाळवी यांतून जे उरलं होतं ते. नको म्हणायचं तर का नको हे सांगावं लागलं असतं. मी मालाचे आणि पुऱ्या दिवसाच्या मजुरीचे पैसे सांगितले. तिने दोनदा मोजून माझ्या हातात ठेवले आणि पिशवी उलटी करून झटकली.

त्यानंतर तिने दोन हिवाळे काम केलं. ती आता दादाच्या शेजारी आहे. दोन्ही कबरींवर लाकडी क्रूस आहेत. वाळवी लागली की मी बदलतो. तिने इतकी वर्षं पावणेचारला उठून जे साठवलं, त्यातून शेवटी आल्या त्या बावीस विटा, अर्धं पोतं सिमेंट, दोन घमेली चुना आणि माझी एका दिवसाची मजुरी. ती मजुरी मी घेतली.